दहा दिवसांची सेवा

गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर आमच्या शब्बाथशाळेच्या एक शिक्षिकाबाई वर्गणीची वही घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. तरुण संघाची चौदा मुलेमुली दहा दिवसांसाठी नेपाळला जाणार आहेत. काठमांडूच्या एका बालगृहात मुलांना गाणी शिकवायची, भिंतींना रंग द्यायचा, कपडे वाटायचे, आसपासच्या कुटुंबांत जाऊन प्रार्थना करायची, असा बेत. मी आकडा लिहिला, सही केली. बाई आनंदाने म्हणाल्या, "काका, आपल्या मुलांना केवढा अनुभव मिळेल!" त्या वाक्याने घरी येईपर्यंत माझी पाठ सोडली नाही. अनुभव आपल्या मुलांना मिळणार हे खरे. पण त्याची किंमत कोण देणार?

घरी बसणाऱ्याने जाणाऱ्याला नावे ठेवणे फार सोपे असते, वाचकहो, म्हणून आधी एक कबुली देतो. आपण मराठी ख्रिस्ती लोक परक्यांच्या सेवेचेच फळ आहो. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८२६ साली याच मुलखात दौऱ्यावर असताना पटकीने गेले. मिरजेचे डॉ. वॉनलेस १८८९ साली आले ते १९२८ पर्यंत राहिले. तेव्हा परदेशी जाऊन सेवा करू नये असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही. पण ती माणसे आपली भाषा शिकली, आपली चेष्टा सोसली, आपल्यातच म्हातारी झाली. दहा दिवसांच्या सेवेला तेच नाव द्यावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

१९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देश उद्ध्वस्त केला. उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांचे गट आठ-पंधरा दिवसांसाठी तेथे जाऊन घरे बांधू लागले. कर्ट व्हर बीक नावाचे एक ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्येच राहून काम करणारे. त्यांनी पुढे या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना गाठून विचारपूस केली, आणि तेथल्याच ख्रिस्ती संस्थांनी बांधलेल्या घरांतल्या कुटुंबांनाही तेच प्रश्न विचारले. दोहोंच्या जीवनात काही फरक आढळला नाही. फरक होता तो खर्चात. स्थानिक संस्था जे घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभे करीत, त्याच घरासाठी बाहेरून येणाऱ्या एका गटाचे विमानभाड्यासकट सुमारे ३०,००० डॉलर होत. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे. "पण जाणाऱ्यांचे अंतःकरण तर बदलते ना?" असे कोणी म्हणेल. त्यांनी तेही तपासले. परत गेलेल्यांच्या दानात आणि प्रार्थनेत, त्यांना स्वतःला वाटत होता तेवढा बदल काही झालेला दिसला नाही.

तरी पैशाचा हिशेब मला सर्वांत मोठा वाटत नाही. मरीयेने मौल्यवान सुगंधी तेल ओतले तेव्हा किमतीचा हिशेब कोणी मांडला हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या पंगतीत बसण्याची माझी इच्छा नाही. मुलांचा प्रश्न मात्र वेगळा आहे.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भयंकर भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळ्यांच्या दहा जणांना सरहद्दीवर अटक झाली. ते ३३ मुलांना आवश्यक कागदपत्रांवाचून शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत होते. अनाथ मुलांना आसरा द्यायचा, हा त्यांचा हेतू. चौकशीत निघाले की मुलांचे आईबाप हयात आहेत. कित्येकांनी तर पोर आपल्या हातांनी सोपवले होते. शाळा मिळेल, पोटभर अन्न मिळेल, या आशेने. ही दहा माणसे लांडगे होती असे मी मानीत नाही. ती आपल्यासारखीच होती, प्रार्थना करून निघालेली. म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. त्या आईबापांना मूल नको नव्हते, मुलाला शाळा हवी होती. पण हे विचारण्याइतका वेळ कोणी काढला नाही.

नेपाळची गोष्ट आपल्या अधिक जवळची. १९९६ ते २००६ च्या यादवीत हुम्लासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून दलालांनी मुले आणली. आईबापांना सांगितले, शहरात शिक्षण देतो. त्यासाठी पैसेही घेतले. मग कागदावर ती मुले अनाथ झाली. यादवी संपली तरी हा धंदा संपला नाही. तेथील बहुतेक बालगृहे गरिबी सर्वांत जास्त असलेल्या डोंगरांत नाहीत. ती काठमांडूचे खोरे, पोखरा, चितवन येथे आहेत, जेथे पाहुणे उतरतात. त्यांतील मोठ्या संख्येच्या मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात. सारीच बालगृहे अशी नाहीत, चांगली माणसेही तेथे राबत आहेत. परंतु अनाथांना भेटण्याची हौस बाळगून पाहुणे येत राहिले, तर कोणीतरी त्यांच्यासाठी अनाथ तयार करून ठेवतो. आमची वर्गणीची वही त्या साखळीतली एक कडी असू शकते, हे मी सही करताना मनात आणले नव्हते.

मी स्वतः बोर्डिंगात वाढलो. एका सुट्टीत परदेशातले काही विद्यार्थी दोन आठवड्यांसाठी आले. त्यांतल्या एकाने मला खांद्यावर घेतले, माझे नाव पाठ केले, पत्र लिहीन म्हणाला. पुढे कित्येक शनिवार मी टपालवाल्याची वाट पाहिली. तो दुष्ट नव्हता, विसरला असेल. त्या वेळचे फोटो नंतर एका वार्षिक अहवालात आले. त्यांत मी आहे. आमच्या डोक्यातल्या उवा काढणारी, तापात रात्रभर उशाशी बसणारी मावशी मात्र एकाही फोटोत नाही. बोल्बी नावाच्या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात लिहिले की लहान मुलाला एका कायमच्या माणसाची माया लागते. आमच्या मावशीला अक्षरओळख नव्हती, पण हे तिला सांगावे लागले नसते.

मग थोड्या दिवसांची भेट हे पापच काय? तसेही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पाहावे तर पौलाने थेस्सलनीकात तीनच शब्बाथ वादविवाद केल्याचे लिहिले आहे. पण नंतर त्याला राहवेना, त्याने तीमथ्याला पाठविले, पत्रे लिहिली. शोमरोनी तर एका रात्रीचाच वाटसरू. त्या जखमी माणसाला घेऊन तो आपल्या गावी गेला नाही. त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले, जास्त लागेल ते परत येताना देईन म्हणाला, आणि वाटेला लागला. आपण शब्बाथशाळेत हा दाखला शिकवतो तेव्हा रक्षकाची भूमिका नाटकात सर्वांत लहान मुलाला देतो. त्याला एकही वाक्य नसते. खरी शुश्रूषा पुढे त्यानेच केली असणार.

इडा स्कडर यांचे उदाहरण मला नेहमी दिले जाते. आजारी आईसाठी तरुणपणी त्या तात्पुरत्या भारतात आल्या. एका रात्री तीन बाळंतिणी पुरुष डॉक्टर नको म्हणून मेल्या, आणि त्यांचे आयुष्य पालटले. खरे आहे. पण पुढचे विसरू नये. आपल्याला काही येत नाही हे त्या रात्री त्यांना कळले, त्या परत जाऊन डॉक्टरी शिकल्या, आणि १९०० साली आल्या त्या राहण्यासाठी. आपली मुले जाऊन हेच पाहून येणार असतील, तर मी दुप्पट वर्गणी देईन. पण दुसऱ्याच्या पोराला आपल्या पोरांच्या आत्मिक वाढीची पाटी करणे, लिहिले आणि पुसले, हे मला पटत नाही.

हे सारे मी बाईंना बोलून दाखवले. त्या रागावल्या, मग गप्प झाल्या. दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, "काका, मी बालगृहाला पत्र लिहिलंय. दोनच गोष्टी विचारल्यात. तुमच्याकडच्या किती मुलांचे आईवडील आहेत? आणि आम्ही आलो नाही, पण प्रवासाचे पैसे पाठवले, तर त्यांचं काय कराल?"

उत्तर अजून आलेले नाही. तिकिटे या महिन्याच्या वीस तारखेच्या आत काढायची आहेत.