क्लेश विकत घ्यावेत काय?

मनोरंजनासाठी मनुष्य पैसे खर्च करतो ह्यात नवल नाही. परंतु क्लेशासाठी त्याने पैसे मोजावेत, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. आमच्या घरातील एका पदवीधर तरुणाने 'फ्रॉस्टपंक' नावाचा संगणकावरील खेळ विकत घ्यावा की नाही, असा प्रश्न आमच्यापुढे ठेविला. त्याच्या मित्राकडे तो होता. तेथे दोन-तीन रात्री शेजारी बसून आम्ही तो पाहिला. खेळ निष्ठुर आहे. नवख्यास त्यात बहुधा हारच पदरी येते, आणि जिंकणाराही फारसा हसत उठत नाही.

वॉर्सा येथील इलेव्हन बिट स्टुडिओज ह्या संस्थेने २०१८ साली तो प्रसिद्ध केला. १८८६ साली पृथ्वीवर न संपणारा हिवाळा पडला आहे, कोळशावर चालणाऱ्या एका प्रचंड यंत्राभोवती ऐंशी जीव आश्रयास आले आहेत, आणि खेळणारा त्यांचा नायक आहे, अशी कल्पना. नाशिककरांस थंडीचे अप्रूप नाही. निफाडकडे पारा फार उतरला की द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात. येथे मात्र वाचवावयाचे ते घड नव्हेत, माणसे. कोळसा अपुरा पडतो. मग मुलांना कामास लावावे काय, पाळी चौदा तासांची करावी काय, अन्नात लाकडाचा भुसा मिसळावा काय, असे कायदे एकामागून एक पुढे येतात. लोकांची आशा आटली किंवा असंतोष अनावर झाला, की नायकाची हकालपट्टी होते.

दुःखाच्या दर्शनाने आनंद का व्हावा, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. न. चिं. केळकर ह्यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती वाचकांस ठाऊक असेलच: वाचक परक्याच्या भूमिकेत शिरतो, तरी स्वतःस विसरत नाही, आणि ह्या दुहेरी अवस्थेतच काव्याचा आनंद असतो. शोकांत नाटकास ती चांगली लागू पडते. 'एकच प्याला'तील सुधाकराचा पेला आपण भरलेला नसतो. आपण रडतो ते निरपराधपणे. ह्या खेळात पेला भरणारा हात आपलाच. शिवाय हुकूम देताना तो पाप वाटत नाही, उपाय वाटतो. पहिल्या रात्री मुलांना कोळशावर पाठविताना आमचा तरुण बराच वेळ थांबला होता. दुसऱ्या रात्री तो थांबला नाही; आणि कोणी मेले की 'मेला' असे न म्हणता 'एक कमी झाला' असे म्हणू लागला. आम्हांस खेळातील बर्फापेक्षा ह्या शब्दाचा गारवा अधिक जाणवला.

ही भाषा कल्पित मुळीच नाही. १८७७ साली, दक्षिणेतील मोठ्या दुष्काळात, सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा एवढी मजुरी पुरेशी ठरविली. टेंपलसाहेब जात्याच निर्दय होते असे म्हणवत नाही. तीनच वर्षांपूर्वी बंगाल-बिहारात अन्नासाठी फार पैसा खर्चिला म्हणून त्यांच्यावर टीका झाली होती. म्हणजे त्यांच्यापुढेही खेळातल्यासारख्या दोन पट्ट्या होत्या, आणि त्यांनी त्या सांभाळल्या. परंतु मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, आणि त्याच साली सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. खेळणाऱ्यास टेंपल होता येते. काम टाकून निघालेला मजूर होता येत नाही. लोक कुरकुरतात, मागण्याही मांडतात, पण नायकाच्या दृष्टीने ती एक वाढणारी लाल पट्टी असते. मुलांसाठी निवारा काढण्याची सोय खेळात आहे. पण तीही नायकानेच कृपावंत होऊन करावयाची. त्याला न विचारता कोणी चूल मांडली, असे तेथे घडत नाही. आमच्या मते खेळाचा खरा दोष हा; त्याची निष्ठुरता नव्हे.

एवढे असूनही तो घ्यावा, असेच आम्ही त्या तरुणास सांगितले. आरामखुर्चीत बसून टेंपलसाहेबांस दोष देणे आपणांस फार सोपे जाते. तो सोपेपणा ह्या खेळात काही तास तरी हिरावला जातो, आणि आपल्याच तोंडून 'एक कमी झाला' हे शब्द निघतात. किंमत अधिक वाटल्यास सवलतीची वाट पाहावी. खरी किंमत पहिल्या डावास लागणाऱ्या दहा-बारा तासांची आहे. लहान मुलांपुढे तो ठेवू नये. तो पुन्हा पुन्हा खेळण्यातही आम्हांस अर्थ दिसत नाही. कोणती सुधारणा आधी करावी हे एकदा कळले, की कोणास फारसे न दुखविता नगर तरते. मग तो बुद्धिबळासारखाच एक डाव होतो, आणि बुद्धिबळाचा पट त्याहून स्वस्त मिळतो. सोप्या पातळीवर खेळावयाचा विचार असेल, तर मात्र पैसे खर्चू नयेत. तेथे कोळसा सहज पुरतो, आणि मुलांचा प्रश्न बहुधा निघतच नाही.