इसाराच्या आधी

आमच्याकडं घर विकायचं ठरलं की आधी पत्र्याची पेटी उघडते. घरपट्टीच्या पावत्या निघतात. 1948 च्या आधीचा, निजामाच्या राज्यातला एखादा उर्दू कागद निघतो आणि तो वाचणारा माणूस शोधत पार नांदेडपर्यंत जावं लागतं. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढायचा. लोक त्याला मालकीचा कागद समजतात, खरं तर ती कर आकारणीची नोंद. अलीकडं ड्रोननं गावठाण मोजून सनदा मिळायला लागल्यात, पण सगळीकडं नाही. चतुःसीमा शेजाऱ्यांना विचारून पक्की करायची, कारण कागदावर 'पूर्वेस रस्ता' असतो आणि त्या रस्त्यावर कुणाचा तरी गोठा उभा असतो.

एवढं जमलं की घेणारा इसार देतो. नुसत्या इसारपावतीनं घर कुणाचं होत नाही. मालकी जाते ती दुय्यम निबंधकापुढं नोंदवलेल्या खरेदीखतानं. पण गावाच्या लेखी इसार घेतला की शब्द गेला. मग मागं फिरणारा माणूस हलका.

या तयारीत बहिणीचा नंबर शेवटी लागतो, बहुतेक वेळा इसार झाल्यावर. घेणाऱ्याचा वकील विचारतो, "बहिणी किती? त्यांच्या सह्या लागतील." मग फोन जातो, "हक्कसोडपत्र करायचंय आक्का, अर्ध्या दिवसाचं काम हाय, ये." तिला साडी घेतात, जेवू घालतात, तालुक्याला नेऊन अंगठा घेतात. कागदात 'राजीखुशीने' असं आधीच टाइप केलेलं असतं.

माझा प्रश्न त्या राजीखुशीबद्दल आहे. ती नाही म्हणू शकते का? भावानं पैसे घेतलेत, शब्द दिलाय. आता ती अडून बसली तर ती नुसती वाटा मागणारी राहत नाही, भावाला चारचौघांत खोटं पाडणारी होते. तेच इसाराच्या आधी विचारलं असतं तर तिचं 'नाही' कुणाच्याच शब्दाच्या आड आलं नसतं. फरक चार दिवसांचाच असतो, पण त्या चार दिवसांतच सगळं असतं.

कायदाही राहत्या घरापाशी बराच काळ अडखळला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाची वारस केलं खरं, पण घरात कुटुंब राहत असेल तर भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत तिला घराची वाटणी मागता येत नव्हती. 2005 साली ते कलम निघालं आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली. 2005 साली बाप जिवंत असायला हवा, अशी अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं.

बायका हक्क सोडतात ते काही अडाणीपणानं नव्हे. आमच्या गल्लीतली एक म्हातारी म्हणायची, "वाटा घेतला की वाट बंद होती." पंचमीला, दिवाळीला यायला एक दार राहावं, दुखलंखुपलं तर चार दिवस टेकायला जागा असावी, म्हणून ती सोडते. हाही एक सौदाच, आणि मला तो खोटा वाटत नाही. घर राहणार असेल तर त्यातला वाटा सोडून दार राखणं समजतं. पण घरच विकलं जात असेल तर? माळवदही जातंय, ढेलजही जातेय. भिंती वाटता येत नाहीत म्हणून सोडून दे म्हणावं, तर आता भिंती कुठायत? रुपये पैशापर्यंत वाटता येतात. तिच्याकडून सही घेतो ती रकमेवर आणि बोलतो मात्र माहेराचं.

अहमदपूर तालुक्यातलं आमचं घर निघालं तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, इसाराच्या आधी दोन्ही आत्यांना बोलावलं. घेणारा घाई करत होता. भाव हातचा जातोय म्हणून आम्ही पोरं धास्तावलेलो. तात्यांनी आकडा सांगितला. थोरली आत्या म्हणाली, "मला कशाला सांगू लालास आकडा? सही पायजे का?"

"सही पायजेच. पण वाटाबी हाय तुझा. नको असंल तर आकडा ऐकून नको म्हन."

थोरलीनं घेतला. हक्कसोड न करता ती खरेदीखतातच 'लिहून देणार' म्हणून बसली, चेक तिच्या नावानं निघाला. भावकीत बोलणं झालं, भावाच्या ताटातलं उचललं म्हणून. तिनं स्वतःच्या घरावर स्लॅब टाकला आणि पुढच्या दिवाळीला नेहमीसारखी आमच्या लातूरच्या घरी आली.

धाकटी नको म्हणाली. सही केली, तिच्या वाट्याचे पैसे तात्यांच्या खात्यात आले. तात्यांना ते आपले वाटत नाहीत. ते दर सणाला तिच्या नावानं चेक लिहितात, ती तो घडी करून आमच्याच देव्हाऱ्यात ठेवून जाते, आणि चेकची मुदत तीन महिने. माझी बायको म्हणते, आकडा ऐकूनच आत्या नको म्हणाल्या, आता ते पैसे तात्यांचे. तात्या म्हणतात, तिनं आकडा ऐकला कुठं, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. यंदाचा चेक पंचमीला लिहिलाय.