‘नंतर’ आणि ‘मुळे’

खडक पाण्यातून जन्मले की आगीतून, या अठराव्या शतकातल्या वादाची गोष्ट हल्ली एकाच साच्यात सांगितली जाते. सॅक्सनीतला वर्नर म्हणजे नोहाच्या महापुराला शास्त्राचा मुलामा देणारा पोथीनिष्ठ. एडिंबराचा हटन म्हणजे पोथी मिटून दगड पाहणारा. टाळ्या हटनला.

ही गोष्ट दोघांपैकी एकालाही लागू पडत नाही. वर्नर १७७५ पासून फ्रायबर्गच्या खाणकाम विद्यालयात शिकवत होता. आदिसागरात विरघळलेली द्रव्ये थराथराने खाली बसली, आधी ग्रॅनाइट, पुढे बाकीचे, हे त्याचे म्हणणे चुकले; पण त्याने आधार घेतला तो खाणींचा, बायबलचा नव्हे. उलट पृथ्वी ही सजीवांच्या वस्तीसाठी हेतुपूर्वक योजलेली रचना आहे, असे हटनच पुन:पुन्हा बजावतो. मग पोथी कोणाच्या हातात होती? आयर्लंडच्या कर्वनने हटनवर धर्माच्या नावाने तोफ डागली, हे खरे. पण कर्वनची पोथी वर्नरच्या काखेत का द्यायची? आणि जलवाद खिळखिळा केला कोणी? वर्नरच्याच शिष्यांनी. त्यांतल्याच दोब्युइसोंने १८०३ मध्ये सॅक्सनीचा बेसाल्ट पाण्यातला ठरवला. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यचे विझलेले ज्वालामुखी पाहिले आणि मत बदलले. त्याची श्रद्धा ढळली नव्हती, त्याने पायपीट केली होती.

‘दोघेही आपापल्या जागी बरोबर’ हा समेट तर केवळ आळस आहे.

माझ्या मते खरा भेद दोन शब्दांचा आहे: ‘नंतर’ आणि ‘मुळे’. शायबेनबर्गच्या टेकडीवर वर्नरला खाली वाळू, मग चिकणमाती, मग वॅके हा मातकट खडक आणि माथ्यावर बेसाल्ट दिसला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तोच. एक थर दुसऱ्यात अलगद मिसळत होता. एकानंतर एक, म्हणून सगळे एकाच पाण्यामुळे, असे त्याने ठरवले. निरीक्षण चोख होते. घसरला तो त्या ‘म्हणून’वर.

हटन १७८५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये नदीच्या पात्रात उतरला. शिस्ट नावाच्या काळपट खडकामध्ये तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा घुसलेल्या होत्या. त्याचा आनंद पाहून वाटाड्यांना वाटले, याला सोने सापडले. सापडले होते ते एवढेच: ज्याला फोडून आत शिरायचे, तो खडक आधी तिथे असायला हवा. वर्नरच्या यादीतला सर्वांत जुना खडक इथे पाहुणा निघाला. हटनने शेजार मोजला नाही. एका दगडाने दुसऱ्याचे काय केले, हे विचारले.

क्रमाला मी कमी लेखत नाही. आपल्या घाटांतले लाव्हाचे थर लावताना खालचा आधीचा, हाच हिशेब आजही चालतो. पण क्रम हा प्रश्न असतो, उत्तर नव्हे.

आणि ती टाळ्यांची गोष्ट? पोथीची पकड सैल झाली, नंतर भूशास्त्र आले. म्हणून पोथी सुटल्यामुळेच ते आले, असे ती सांगते. चूक वर्नरचीच आहे. फक्त ती करण्यासाठी वर्नरला टेकडी चढावी लागली होती.