वरची कोथिंबीर

मंडईतल्या ज्या मावशींकडून मी गेली सतरा वर्षे भाजी घेतो, त्यांच्या तराजूला मन होते. अर्धा किलो भेंडी तोलताना काटा सरळ झाला की मावशी आणखी दोन भेंड्या टाकत, पारडे आमच्या बाजूला झुके आणि आम्ही सुखावत असू. आता त्यांच्याकडे विजेचा काटा आला आहे. तो झुकत नाही, नुसते आकडे दाखवतो. पण आकडा पाचशेवर आला तरी त्या दोन भेंड्या पडतातच. यंत्र बदलले, हात तोच राहिला.

भाजी पिशवीत पडली की मी माझे ठरलेले वाक्य म्हणतो, ‘मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका की!’ मावशी त्यांचे ठरलेले वाक्य म्हणतात, ‘कोथिंबीर काय फुकट येती व्हय, साहेब?’ आणि चार काड्या टाकतात. लहर लागली तर कढीपत्त्याची डहाळीही टाकतात. एवढा संवाद झाल्याशिवाय मला भाजी घेतल्यासारखे वाटत नाही. यातला ‘वर’ हा शब्द फार महत्त्वाचा. ती कोथिंबीर भाजीच्या वर असते, तशीच हिशेबाच्याही वर असते.

असा हा मी, २०२३ च्या जानेवारीत लोहगावच्या विमानतळावर दुसऱ्याच एका काट्यापुढे उभा राहिलो.

बंगळूरला धाकटी बहीण बाळंत झाली होती. आईने डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दुपटी, झबली असे सगळे एका बॅगेत कोंबले आणि शेवटी वर मावशींकडचा दोन किलो पावटा ठेवला. बंगळूरमध्ये हिवाळ्यात पावट्याची जत्रा भरते, तिथे पावट्याच्या डोशापासून पावट्याच्या जिलबीपर्यंत सारे मिळते, हे मी आईला सांगून पाहिले. ‘तो तिकडचा,’ आई म्हणाली. या युक्तिवादाला उत्तर नसते.

बॅग काट्यावर ठेवली. आकडा आला १९.४. तिकिटावर परवानगी १५ किलोंची.

‘सर, चार किलो चारशे ग्रॅम जास्त आहे,’ काउंटरवरची मुलगी म्हणाली.

‘असू दे,’ मी मोठ्या मनाने म्हणालो.

तिने जादा वजनाचा दर सांगितला. किलोला पाचशेच्या वर. म्हणजे मंडईत साठ रुपये किलोने घेतलेला पावटा बंगळूरला उतरेपर्यंत बदामाच्या रांगेत जाऊन बसणार होता. कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. पण हे मला फार उशिरा कळले. त्या क्षणी मी जे बोललो, ते लिहायला आज लाज वाटते. ‘खाणं विकत, खिडकीची जागा विकत, आता बॅगही विकत! उद्या श्वास मोजाल!’ आणि शेवटी, ‘माणुसकी नावाची काही गोष्ट आहे की नाही?’ रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. माणुसकीच्या बाजूने पुण्यात कुठेही दोन माणसे मिळतात. बाकीच्यांचे लक्ष आपला नंबर कधी लागतो याकडे असते.

मुलगी शांतपणे म्हणाली, ‘सर, तिकिटावर लिहिलं आहे.’

हे वाक्य मला फार ओळखीचे वाटले. कुठे ऐकले होते, ते मात्र आठवेना.

मग मी भर विमानतळावर बॅग उघडली. बहिणीसाठी नेलेली शाल आणि माझा स्वेटर अंगावर चढवला, ९०० ग्रॅम गेले. लाडवांचा डबा हातातल्या पिशवीत आला. तिथे सात किलोंची मर्यादा होती, पण जागा होती. आणखी १२०० ग्रॅम गेले. दोन किलो पावटा तिथे झाडणाऱ्या बाईंना दिला. त्यांनी पिशवी उघडून पाहिली, एक शेंग मोडून पाहिली आणि विचारले, ‘किती द्यायचे?’ मी ‘असाच घ्या’ म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. जानेवारीत शाल आणि स्वेटर घालून घामाघूम झालेला माणूस फुकट पावटा वाटतो, म्हटल्यावर संशय येणारच.

बॅग पुन्हा काट्यावर चढली. १५.३. मी कुठल्या झबल्याला हात घालावा या विचारात होतो, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, ‘चालेल, सर.’ आणि बॅग पट्ट्यावरून निघून गेली.

विमानात दीड तास दुसरे काही करण्यासारखे नव्हते (खाणे विकत होते), म्हणून मी विचार केला. एके काळी इंडियन एअरलाइन्सच्या विमानात उड्डाणाआधी गोळ्यांचे तबक फिरे आणि कानात घालायला कापूस मिळे, हे आमचे एक साहेब अजून सांगतात. पण त्या काळी विमानात साहेबच बसत. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने तबक काढून टाकले, खाणे विकायला ठेवले आणि तिकीट स्वस्त केले, तेव्हा कुठे माझ्यासारख्यांची विमानाच्या शिडीवर पाय ठेवायची छाती झाली. पुढे २००८ साली इंधन भडकले, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्ससारख्या बड्या कंपनीनेही पहिल्याच बॅगेला पंधरा डॉलर लावले. म्हणजे मी ज्या गोळ्यांसाठी गळा काढत होतो, त्या गेल्या म्हणूनच मी वर होतो.

बरे, वजनाची मर्यादा ही काही विमानवाल्यांचीच खोड नाही. एसटीचा कंडक्टर सामानाचे तिकीट फाडतो. रेल्वेच्या स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामानच फुकट नेता येते, असा नियम आहे. पण तिथे सहसा कोणी तोलत नाही. आणि जे कोणी तोलत नाही, ते आपल्या हक्काचे, अशी आपली प्रामाणिक समजूत असते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पुणेकर ज्याला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात, तिथला मात्र अजून बहिःशाल विद्यार्थीच. या दोन्ही विद्या एकत्र करून मी कोथिंबिरीचा ताळेबंद मांडला आणि घाबरलो. आमच्या वरच्या मजल्यावर एक प्राध्यापक राहतात. तेही मावशींकडूनच भाजी घेतात. सांगितला तो भाव देतात आणि कोथिंबीर मागत नाहीत. त्यांना संकोच वाटतो. आता मावशी कोथिंबीर विकत आणतात. तिचा खर्च भेंडीच्या भावात कुठेतरी मिसळलेला असणारच. म्हणजे मी सतरा वर्षे खातोय ती कोथिंबीर मावशींची नव्हे, प्राध्यापकांची! फुकट गोष्ट नेहमी तोंडाळ माणसाच्या पिशवीत जाते आणि तिचे पैसे संकोची माणूस भरतो. त्या विमानातही एकच हँडबॅग घेऊन चढलेले कोणी असतीलच. माझ्या आईचा पावटा त्यांच्या तिकिटातून का जावा?

मंडईच्या इमारतीला नाव आहे महात्मा फुल्यांचे. १८८६ साली ती उभी राहिली तेव्हा तिला गव्हर्नर रे साहेबांचे नाव होते. फुल्यांचे नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने लागले. गंमत अशी की नगरपालिकेचे सभासद असताना याच मंडईवर एवढा पैसा घालायला फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, असे त्यांचे म्हणणे होते. पैसा कोणाचा आणि सोय कोणाची, हा तो प्रश्न. त्या अष्टकोनी इमारतीत उभे राहून फुकट कोथिंबीर मागताना हा प्रश्न माझ्या मनात सतरा वर्षांत एकदाही आला नव्हता.

तेव्हा बंगळूरला उतरलो तो दरपत्रकाचा कट्टर पुरस्कर्ता होऊन. ज्याचे त्याने द्यावे. मोजावे, लिहावे, घ्यावे. विषय संपला, असे मला वाटले.

तो आठवड्याने पुन्हा सुरू झाला. मी आमच्या बँकेतल्या खिडकीत बसलो होतो आणि समोर मावशी उभ्या. हातात पासबुक. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, ‘साहेब, हे एकशे अठरा कशाचे गेले?’

किमान शिल्लक नव्हती, त्याचे शंभर. त्यावर अठरा टक्के जीएसटी. स्टेट बँकेने बचत खात्यावरचा हा दंड २०२० मध्येच काढून टाकला होता, पुढे २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही काढला. पण आमच्याकडे तेव्हा तो होता. मी हिशेब समजावून सांगितला आणि म्हणालो, ‘मावशी, खातं उघडताना फॉर्मवर लिहिलं होतं.’

आणि मला आठवले, ते वाक्य मी कुठे ऐकले होते. ते माझेच होते. वीस वर्षे मी ते दिवसातून चार वेळा म्हणतो.

मावशी ओरडल्या नाहीत. माणुसकी वगैरे शब्द त्यांनी काढला नाही. रांगेतल्या कोणाकडे पाहिलेही नाही. एवढेच म्हणाल्या, ‘मला कुटं वाचता येतंय, साहेब? तुमी तर रोज भाजीला येता. तोंडानं सांगायचं व्हतं.’

त्या संध्याकाळी मी मंडईत गेलो तो दुसऱ्या दाराने. पण मावशींनी लांबूनच हाक मारली. निमूटपणे वांगी घेतली. कोथिंबीर मागितली नाही. मावशींनी पिशवी ओढून घेतली आणि चार काड्या टाकल्या. ‘आज मागितली न्हाई?’ म्हणाल्या. एकशे अठराचा विषयही काढला नाही.

घरी येताना माझा ताळेबंद पुन्हा विस्कटला. प्राध्यापकांचे पैसे त्यात होते, हे खरेच. पण त्या काड्या टाकायच्या की नाही हे मावशींनी ठरवले, आणि त्या गेल्या त्यांच्याच टोपलीतून. उदारपणा आपल्या टोपलीतून करायचा असतो. विमानतळावर मी त्या मुलीकडे काय मागत होतो? कंपनीचे साडेचार किलो, जे तिचे नव्हतेच. दुसऱ्याचा माल ती वाटत नाही म्हणून मी तिला माणुसकी शिकवत होतो. तिच्या हातात होते तीनशे ग्रॅम. आणि एवढे ऐकून घेतल्यावरही तेवढे तिने सोडले होते. तिचे आभार मानायचेही मला सुचले नव्हते.

मीही मावशींचे एकशे अठरा परत करू शकत नव्हतो, ते बँकेचे. पण एक वाक्य माझे होते. सतरा वर्षे रोज समोर उभा राहून मी कोथिंबीर मागितली, आणि एकदा ‘मावशी, खात्यात एवढे राहू द्या’ म्हणायला मला फुकट असूनही जमले नाही. नियम भिंतीवर लावला की आपली जबाबदारी संपली असे खिडकीच्या आतल्या माणसाला वाटते. खिडकीच्या बाहेरच्याला वाटते, की नियमाच्या वरचे मिळाले नाही तर आपला अपमान झाला. मी दोन्हीकडचा असल्यामुळे दोन्ही चुका केल्या.

तेव्हापासून महिनाअखेर भाजी घेताना मी मावशींना खात्याची आठवण करतो. बँकेतही, ज्यांना वाचता येत नाही असे वाटते त्यांना तोंडाने सांगतो. यामुळे रांग लांबते आणि रांगेतल्या दोन माणसांना माझ्यात माणुसकी नाही असे वाटते. प्राध्यापकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कधी कधी मी अर्ध्या काड्या त्यांच्या दाराला अडकवतो. ते संकोचून त्या परत आणून देतात.

गेल्या पावसाळ्यात कोथिंबीर कडाडली. मी पिशवी पुढे केली, तशी मावशी म्हणाल्या, ‘आज वर काय न्हाई, साहेब. आदीच सांगते.’

मी म्हणालो, ‘चालेल.’