सोंग आणि साक्ष

दिवाळी-संक्रांतीच्या निमित्ताने घरच्या घरी जुन्या वळणाची छायाचित्रे काढून ती शुभेच्छापत्रांवर छापण्याची, किंवा चौकटीत बसवून वडीलधाऱ्यांना भेट देण्याची हौस आता मध्यमवर्गीय घरांत रुळली आहे. पेटीतून आजीची नऊवारी निघते, भाड्याने पगडी येते, भिंतीवर सतरंजी टांगली जाते, आरामखुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली जाते आणि काढलेल्या चित्राला मोबाइलमधील एका कळीने तपकिरी छटा चढते. जबलपूरच्या घमापुरासारख्या वस्तीतील मराठी घरातून असे चित्र नागपूर-पुण्याच्या आप्तांकडे जाते, तेव्हा त्यात हौसेबरोबर आणखीही काही असते. वरवर हा निरागस खेळ आहे; परंतु खेळालाही नीती असते. जो काळ आपण जगलो नाही त्याचा वेष घेऊन काढलेले चित्र खोटे म्हणावे काय? आणि म्हणावयाचे झाल्यास ते कोणाच्या लेखी खोटे?

या प्रश्नाला हात घालण्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : सोंग. त्याचा एक अर्थ ढोंगाकडे झुकतो, तर दुसरा लोककलेकडे. बहुरूपी कधी पोलीस होऊन, कधी वैद्य होऊन दारात उभा राहतो, घरच्यांना क्षणभर दरडावतो; पण बिदागीसाठी हात पुढे करतो तेव्हा सोंग उतरलेले असते. उघड होणे हा त्या कलेचाच भाग आहे. जे सोंग उघड होऊ इच्छीत नाही, ती तोतयेगिरी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या आणि १७७६ साली देहान्ताची शिक्षा झालेल्या तोतयाची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. बहुरूपी आणि तोतया यांच्या वेषात फरक असेलच असे नाही. फरक आहे तो वेष उतरवण्याच्या तयारीत. छायाचित्राची अडचण येथेच सुरू होते. ते सोंगाचा ऐन क्षण धरून ठेवते आणि उतरण्याचा क्षण गाळते. शिवाय छायाचित्राला साक्षीदार मानण्याची सवय आपल्या मनाला जडलेली आहे. सोंगाने साक्षीची जागा घेतली, की प्रश्न नैतिक होतो.

मात्र जुनी छायाचित्रे तेवढी अस्सल आणि आजची बनावट, अशी सोपी वाटणी टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओत रंगवलेला पडदा होता, लाकडी खांब होते, मेजावर पुस्तक होते. कोट नसेल तर तोही पुरवला जाई. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमरन यांना १८६३ च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडातील आपल्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ करून त्यांनी नातलगांना, शेजाऱ्यांना आणि मोलकरणींना पुराणकथांतील पात्रांचे वेष चढवले, आणि अशा चित्रांचे संग्रह स्नेह्यांना भेट दिले. घरगुती वेषचित्र हे छायाचित्रकलेचे आजचे अपत्य नाही. ते जवळजवळ तिच्याच वयाचे आहे. म्हणून वेष घेतला एवढ्यावरून कोणाला दोषी धरता येत नाही. तो कोणत्या दिशेने घेतला, हे पाहावे लागते.

स्टुडिओतला आजोबांचा उसना कोट त्यांना व्हावेसे वाटत होते त्या माणसाचा होता. आपण घेतो तो वेष त्यांनी प्रयत्नपूर्वक मागे टाकलेल्या आयुष्याचा असतो. त्यांची चित्रे इच्छेची होती, आपली विसाव्याची आहेत. विसाव्यात गैर काही नाही. परंतु विसावा घेणारा निवड करतो, आणि त्या निवडीकडे स्वतःचे लक्ष नसते. नऊवारी, नथ, पगडी, उपरणे यांची आपण निवड करतो. केशवपन झालेल्या विधवेचे लाल आलवण कोणी पेटीतून काढीत नाही. तेही त्याच माजघरातले वस्त्र होते. ज्या घराने आजी निवडली आणि तिची विधवा नणंद वगळली, त्याने भूतकाळ नव्हे, भूतकाळातील सोय पाठवली.

वेष ही केवळ शोभा नव्हती, ती पायरीही होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने तुमची जात दुरून ओळखवतात ते टाकून द्या. त्या स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली. त्यांच्या दृष्टीने तो पोशाख हे सोंग नव्हते. अंगावर लादलेली ओळख उतरवण्याची ती कृती होती. आज एखाद्या नातीने त्याच जुन्या नेसणीत हौसेने छायाचित्र काढले, तर त्यात आजीचा अपमान आहे काय? माझ्या मते ती नेसण का सुटली हे नातीला ठाऊक असेल, तर ते चित्र स्मरण ठरते. ठाऊक नसेल, तर ते केवळ नटणे.

घमापुरातील घराकडे पुन्हा वळू. जबलपूर मध्यप्रांतात असताना राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. घर हलले नाही, भोवतालचा प्रांत बदलला. अशा घराला शुभेच्छापत्रावर फेटा बांधून ‘आम्ही अजून तुमचेच आहोत’ असे म्हणावेसे वाटले, तर त्याची थट्टा करणे क्रूरपणाचे होईल. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फेटा एका दुपारी बांधता येतो, भाषा रोज बोलावी लागते. फेटा बांधलेल्या मुलाला आलेल्या उत्तराचे पत्र वाचता येत नसेल, तर चित्राने दिलेली ग्वाही पोकळ ठरते.

याच जबलपूर शहरात राहिलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेने झाशीची राणी हिंदी भाषकांच्या घराघरांत नेली. राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र फिरते; ते १८५० साली हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने काढले असे सांगतात. कोलकात्यातील हॉफमनच्या नावाची प्रसिद्ध पेढी निघाली ती १८८० च्या दशकात, आणि राणी १८५८ मध्ये धारातीर्थी पडल्या होत्या. राणींचे निर्विवाद छायाचित्र उपलब्ध नाही. चित्रातली स्त्री कोण, तिला तसे नटवले कोणी, ते मागे नोंदलेले नाही; म्हणून श्रद्धेने मोकळी जागा भरून काढली. येथे फसवणाऱ्याचा हेतू शोधण्याचीही गरज नाही. नोंद नसणे पुरेसे ठरले.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते. भेट देणारा आणि घेणारा यांच्यात खोटेपणा नाही. दोघांनाही सोंग ठाऊक आहे, दोघेही हसतात. खोटे ठरते ते तिसऱ्याच्या लेखी : पन्नास वर्षांनी ती चौकट उतरवणाऱ्या, आपल्यापैकी कोणालाही न पाहिलेल्या नातवाच्या लेखी. तपकिरी छटा त्याला शतकभर मागे नेईल आणि तो विश्वासाने जाईल. त्याच्याशी आपले काही नाते आहे असे मानले, तर कर्तव्य फार मोठे नाही. चित्राच्या मागे साल लिहावे, खरी नावे लिहावीत, लुगडे कोणाचे होते आणि पगडी भाड्याची होती हेही लिहावे. बहुरूप्याने हात पुढे करावा तसा हा मागचा मजकूर. पुढची बाजू सोंगाची असू द्यावी. मागच्या बाजूने साक्ष द्यावी.