सहाशे म्हणजे किती दिवस?

पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण आपल्या सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली प्रश्नांची यादी त्या वेळी कामी येते. खोटे बोललो काय, कुणाचे काही चोरले काय, कुणाची मजुरी बुडवली काय, असे प्रश्न त्या यादीत असतात. ‘बाजारात घासाघीस केली काय?’ हा प्रश्न मात्र तिथे नसतो. आमच्याही तपासणीत तो कधी नव्हता. तो तिथे कसा आला, आणि त्याचे उत्तर आम्ही आज काय देतो, हे वाचकांपुढे ठेवायचे आहे.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातले एक कुटुंब नोकरीनिमित्त भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील करडी या गावी राहत होते. घराला आशीर्वाद देण्यासाठी त्यांनी आम्हांला अगत्याने बोलावले. धानाच्या बांध्या, तलाव आणि दूरवर जंगलाची काळसर रेघ असा तो मुलूख. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला त्या वर्षी पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. मोहाडी तालुक्यातच आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी नावाजलेले गाव आहे. तेव्हा तिथूनच ताईसाठी करवती काठाची साडी घ्यावी असे ठरले. निघताना यजमानीणबाईंनी सल्ला दिला, “फादर, ते सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा.”

वैनगंगा ओलांडून आम्ही आंधळगावला पोहोचलो. ज्या घरी गेलो तिथे पुढच्या खोलीतच माग होता. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर असते म्हणून ही साडी करवती. अंग कोशाच्या सोनेरी-तपकिरी रेशमाचे आणि काठ सुती रंगीत. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालवून, एकाचा धागा दुसऱ्यात गुंतवीत ते काठ विणावे लागतात. विदर्भाच्या या वस्त्राला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

विणकराने किंमत सांगितली. आम्ही साडी उलगडली आणि धाग्यातल्या बारीक गाठी बोटाने दाखवल्या. वास्तविक कोशाचा धागा मुळातच थोडा उंचसखल असतो. तो त्याचा स्वभाव आणि तेच त्याचे सौंदर्य. हे आम्हांला पुरते ठाऊक होते. ठाऊक असूनही आम्ही ते वैगुण्य म्हणून दाखवले. दोनदा उठून दाराकडे गेलो. शेवटी विणकराने पत्नीकडे एकवार पाहिले आणि म्हटले, “घेऊन जा जी.” सहाशे रुपये कमी झाले होते.

संध्याकाळी करडीला ओसरीवर बसून आम्ही हा पराक्रम रंगवून सांगितला. ऐकणाऱ्यांत शेजारचे एक वृद्ध गृहस्थ होते. ते ढिवर समाजाचे. तरुणपणी वडिलांबरोबर जंगलात कोशाच्या अळ्या राखण्याचे काम त्यांनी केले होते. सगळ्यांचे हसणे संपल्यावर त्यांनी साधेपणाने विचारले, “सहाशे म्हंजे किती दिवस जी?”

आम्हांला प्रश्न प्रथम कळलाच नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या. पाखरे, मुंग्या, गांधीलमाशा यांच्यापासून त्यांना रात्रंदिवस राखायचे. पानावर पान खाऊन अळीने कोश केला की तो उतरवायचा. तो उकळून मऊ करायचा. मग त्याचा धागा काढायचा. हा धागा बायाबापड्या पिढ्यान्‌पिढ्या उघड्या मांडीवर वळून काढीत आल्या आणि त्यात मांडीची कातडी सोलवटून निघे. ती यातना थांबावी म्हणून २०१७ साली केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आणले. एवढे सगळे झाल्यावर धागा मागावर चढतो. त्या वृद्धाच्या लेखी कापडाची किंमत रुपयांत नव्हती, दिवसांत होती. त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता; म्हणूनच त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे. विकत घेताना तो मालाला नावे ठेवतो आणि घेऊन निघाला की आपल्या सौद्याची फुशारकी मारतो. प्रशिक्षणाच्या काळात हे वचन वाचून आम्ही सारे विद्यार्थी हसलो होतो. करडीच्या ओसरीवर आम्हीच ते गिऱ्हाईक झालो होतो. बेनसिराच्या ग्रंथात तर असा इशारा आहे की दगडांच्या सांध्यात मेख रुतावी तसे खरेदी आणि विक्री यांच्यामध्ये पाप रुतून बसते. हा इशारा आपण नेहमी दुकानदाराला लावतो. परंतु व्यवहाराला दोन टोके असतात, आणि त्यांपैकी एक टोक आपल्या हातात असते.

मग घासाघीस हे पाप आहे काय? उतावीळपणे ‘हो’ म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. आमच्या धर्मग्रामात अशा माता आहेत की ज्यांच्या हाती महिन्याच्या वीस तारखेला मोजके पैसे उरतात. त्या भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतात ती मुलांच्या ताटासाठी. विक्रेताही पुष्कळदा घासाघीस गृहीत धरून किंमत चढवून सांगतो, आणि तेव्हा खोटेपणाची सुरुवात त्याच्याकडून झालेली असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. न्याय्य किंमत गणितातल्या बिंदूसारखी काटेकोर ठरवता येत नाही, आणि तिच्या आसपासच्या थोड्याफार फरकाने न्यायाचा भंग होत नाही, असे ते मानतात. म्हणजे बोलून किंमत ठरवणे यात मुळात काही वावगे नाही. मात्र त्याच ठिकाणी ते हेही बजावतात की मानवी कायदा ज्याला शिक्षा करीत नाही असे बरेच काही ईश्वरी न्यायाला अमान्य असते.

आमचे मन त्या रात्री एकच पळवाट शोधत होते : ‘विणकराने स्वतःच होकार दिला. आम्ही काही जबरदस्ती केली नाही.’ ही पळवाट ख्रिस्तसभेने १८९१ सालीच बंद करून टाकली आहे. पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात मजुरीविषयी हेच सांगितले की दोन्ही पक्षांनी मान्य केले एवढ्याने करार न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतके त्याला मिळालेच पाहिजे, आणि गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीपोटी त्याने कमी पत्करले असेल, तर तो बळजबरीचाच बळी होय. विणकराने पत्नीकडे पाहिले होते. त्या दृष्टीत आमच्या साडीखेरीज दुसऱ्या किती गोष्टींचा हिशेब होता, हे आम्ही विचारले नाही. आमचा परतीचा रस्ता मोकळा होता, त्याचा नव्हता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००९ सालच्या विश्वपत्रात खरेदी ही आर्थिक कृती असते तशीच ती नैतिक कृतीही असते, असे स्पष्ट केले आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि तिने आम्हांला अधिक लाजवले. मुंबईच्या वातानुकूलित दुकानात किमतीची चिठ्ठी लावलेला सदरा आम्ही एक शब्द न बोलता विकत घेतो. तिथे गाठी दाखवत नाही, दाराकडे जात नाही. समोर बलवान असला की आम्ही सभ्य होतो आणि दुबळा असला की हिशेबी होतो. आमची करडी नजर जिथे जायला हवी तिथे न जाता नेमकी विणकराच्या उंबरठ्यावर जाते.

यावर कुणी म्हणेल की मग आम्ही नेहमी महागच घेऊ, म्हणजे पाप लागणार नाही. इतके हे सोपे नाही. इटलीच्या यात्रेला जाणारी आपली कुटुंबे रोमबरोबर फ्लोरेन्सही पाहून येतात आणि येताना चामड्याची पिशवी किंवा रेशमी रुमाल आणतात. कारागिरांचे शहर म्हणून त्याची ख्याती जुनी आहे. तिथल्या रेशीम व्यावसायिकांच्या संघाने १४१९ साली टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रम बांधायला घेतला. ब्रुनेलेस्की हा त्याचा वास्तुशिल्पी. परंतु त्याच शहरात १३७८ साली लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी बंड केले होते, कारण स्वतःचा संघ करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आणि आपल्या काळात, फ्लोरेन्सच्या शेजारीच असलेल्या प्रातो शहरात, १ डिसेंबर २०१३ रोजी कपड्यांच्या एका कारखान्याला आग लागून सात चिनी कामगार मृत्युमुखी पडले. ते जिथे शिवत तिथेच झोपत होते. त्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक तयार कपडे शिवणारे होते, आणि पोप फ्रान्सिस यांनी १ मे रोजी, कामगार संत योसेफ यांच्या सणादिवशी, त्यांच्या तुटपुंज्या वेतनाला गुलामगिरी म्हटले. तेव्हा वस्तू स्वस्त असो की महाग, ती ज्या हातांनी घडवली त्या हातांपर्यंत काय पोहोचले, हा प्रश्न उरतोच. किंमत जास्त मोजून तो आपोआप सुटत नाही.

तो विचारायला मात्र आपल्याला येते. कापड हातमागाचे आहे की यंत्रमागाचे, हे विचारावे. २००६ पासून हातमागाच्या कापडासाठी सरकारने विशिष्ट खूण ठरवली आहे, ती पाहावी. शक्य असेल तेव्हा विणकराकडून किंवा विणकरांच्या सहकारी संस्थेकडून घ्यावे. पैसे कमी असतील तर विणकराची किंमत पाडण्याऐवजी साधी वस्तू घ्यावी, किंवा चार महिने थांबावे. ताईला त्या वर्षी करवती साडीच मिळायला हवी होती, असे काही नव्हते. तिने ती मागितलीही नव्हती. हौस आमची होती आणि तिचे मोल आम्ही दुसऱ्याच्या पदरी घातले होते.

आता उरलेली हकीकत सांगतो. पापनिवेदनात क्षमा मिळते. पण दुसऱ्याचे घेतलेले परत करण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही, हे आम्ही इतरांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. जक्कयाने तर चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. आम्हांला सहाशे परत करायलाही तीन वर्षे लागली. मध्ये महामारी आली हे खरे; तरी तेवढेच कारण होते असे म्हणणार नाही. २०२२ साली आम्ही पुन्हा त्याच दारात उभे राहिलो. आमची समजूत अशी की तो आम्हांला विसरला नसेल. त्याला आम्ही मुळीच आठवत नव्हतो. आमच्यासारखी इतकी गिऱ्हाइके येऊन गेली होती की एक वेगळे काढून लक्षात ठेवण्याजोगे आमच्यात काही नव्हते.

आम्ही सारा प्रकार सांगितला आणि करडीच्या त्या वृद्धाचा प्रश्न त्याला विचारला. त्याने क्षणभर हिशेब केला. धाग्याचे पैसे वजा जाता नवरा-बायकोच्या मेहनतीचे जे उरते त्यातले, तो म्हणाला, “तीन दिवस झाले जी.” आम्ही पैसे पुढे केले. त्याने हात मागे घेतला. “फुकटाचे पैसे नाही पायजे. काही तरी घेऊन जा.” त्याने पेटी उघडली आणि कोशाच्या कापडाचा एक लांबट तुकडा काढून दिला. आम्ही दान द्यायला गेलो होतो असे त्याला वाटले असावे. निदान आमच्या चेहऱ्यावर तसे काही दिसले असावे. त्याने आम्हांला पुन्हा गिऱ्हाईक केले. किंमत विचारली तेव्हा त्याने बरोबर सहाशे सांगितली. आम्ही सहाशे मोजले.

त्या तुकड्याची आम्ही स्टोल शिवून घेतली. पापनिवेदन ऐकायला बसताना तीच गळ्यात असते. तिच्या धाग्यात बारीक गाठी आहेत आणि बोट फिरवले की त्या लागतात. आमच्या तपासणीच्या यादीत आता एक प्रश्न वाढला आहे. लग्नसराई जवळ आली आहे. पैठणला, येवल्याला, भंडाऱ्याला आपली माणसे खरेदीला जातील. ‘शेवटची किंमत काय?’ असे विचारण्याआधी ‘हे करायला किती दिवस लागले?’ असे त्यांनी एकदा विचारावे, एवढीच आमची विनंती आहे. त्यानंतर जे बोलायचे ते खुशाल बोलावे.