मागे राहिलेल्याची वारी

एका गावी सप्ताहात कीर्तन आटोपले. मंडळी बुक्का लावून पांगली. शेवटी एक म्हातारी मागे राहिली. पदर सावरीत म्हणाली, "बुवा, एक विचारू का? आमचे मालक चाळीस वर्षं आषाढीला चालत जातात. मी एकदाही गेले नाही. म्हशी कुणाच्या जिवावर सोडायच्या? त्यांच्या वारीचं पुण्य मला लागतं का?"

आम्ही लगेच सांगून टाकले, "लागतं म्हणजे काय आजी, निम्मं तुमचंच!" जवळची चारजणे हसली. म्हातारी हसली नाही. ती म्हणाली, "निम्मं नको बुवा. परत आल्यावर 'तू कशी होतीस' एवढं एकदा विचारलं असतं, तरी माझी वारी झाली असती."

ते बोलणे आमच्या मनातून जात नाही. वारीने माणूस सुधारतो, असे आपण सांगतो आणि ते खरेही आहे. परंतु ती सुधारणा पाहावी कोठे? वाटेवर की उंबरठ्याच्या आत?

ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते. पंढरीपर्यंत सुमारे २५० किलोमीटरची वाट. त्या वाटेवर कुणाचा धक्का लागला तरी तोंडून 'माउली' असाच शब्द येतो. लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, भाकरी वाटून खातात. यात ढोंग नाही. पण हेही कबूल करावे की, तेथे असे वागणे सोपे असते. पुढे वीणा, कानी मृदंग, सावकाराचे देणे गावी राहिलेले. शेजारी चालणारा आपल्याकडे जमिनीचा हिस्सा मागत नाही. घरी आले की तीच जीभ 'अगं ए, पाणी आण' म्हणते. बांधावरून भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. गड्याची मजुरी 'उद्या बघू' म्हणून लांबते. अनोळखी माणसात देव दिसला, घरच्या माणसात मात्र तो दिसेना, तर मग आपण एवढे चाललो कशाला?

दिवस कोणते तेही पाहा. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे पेरणी-कोळपणीचे दिवस. आपण वीसएक दिवस चालतो तेव्हा घरची कामे थांबत नाहीत. धार कुणीतरी काढते, गोठ्यातले शेण कुणीतरी उचलते, म्हातारीला औषध कुणीतरी देते. आज वारीत बायाबापड्याही पुष्कळ चालतात. तेव्हा मागे राहणारी कधी बायको, कधी सून, तर कधी सासराही असतो. कुणीतरी राहते म्हणूनच कुणीतरी जाते.

कुणी म्हणेल, "संसारात गुंतू नका, असंच ना संतांनी सांगितलं?" होय. पण न गुंतणे वेगळे आणि न पाहणे वेगळे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वच सांगतो. भजनात देहभान हरपले, चिखल तुडविता तुडविता रांगते लेकरू पायाखाली आले. पुढे पांडुरंगाच्या कृपेने लेकरू परत मिळाले, तेथे आपण टाळी देऊन जयजयकार करतो. आम्हीही करीत आलो. परंतु मध्ये त्या आईचा आक्रोश आहे. आपल्या परंपरेने तो कथेतून गाळला नाही, शतकानुशतके जपून ठेवला. आमच्या अल्पमतीस वाटते की तो आपल्यासारख्यांसाठीच ठेवला आहे. गोरोबांचे भजन संपूर्ण होते, म्हणून त्यांचा भार देवाने उचलला. आपले भजन काही तेवढे नाही. तेव्हा आपल्या पायाखाली कोण येत आहे, हे आपणच पाहिले पाहिजे.

आणि ज्याच्यासाठी चालायचे, तो विटेवर उभा का राहिला? पुंडलिकही आधी आईबापांना छळणारा. तीर्थयात्रेस काशीला निघाला; वाटेत कुक्कुटमुनींच्या आश्रमात मातृपितृसेवेचे थोरपण डोळ्यांनी पाहिले आणि घरी फिरला. पुढे देव दाराशी आला तेव्हा तो आईबापांचे पाय चेपीत होता. उठला नाही, वीट तेवढी पुढे टाकली. म्हणजे आपले तीर्थ घरी परतलेल्या माणसाने उभे केले आहे! सेवा पुरी होईतो देव थांबला, तो अजून थांबला आहे, असे आपण मानतो. मग त्याच्या दर्शनास जाताना सेवा कुणा दुसऱ्यावर टाकून, तिच्याकडे वळूनही न पाहणे त्याला कसे रुचेल?

२०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे नेहमीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस नेल्या. लाखो वारकरी आषाढात घरी राहिले. डोळ्यांत पाणी होते. आमच्या ओळखीचे एक माळकरी तेव्हा म्हणाले, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, पहाटे चारला हिचा दिवस सुरू होतो. हरिपाठाला बसायला हिला सवडच नाही." २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली, तेही निघाले. पण आधी दोन्ही मुलांना धार काढायला शिकवून, कामे वाटून देऊन मग निघाले. आमच्या मते, घरी बसून काढलेल्या दोन वर्षांत त्यांची एक वारी पुरी झाली होती.

वारी सोडा, असे आम्ही म्हणत नाही; तसे म्हणण्याआधी जीभ झडो. एवढेच सांगणे की, निघण्यापूर्वी घरच्यांना विचारून निघावे. मागच्या कामाची सोय लावावी. परत आल्यावर प्रसादाचे चुरमुरे हाती ठेवण्याआधी ख्यालीखुशाली पुसावी. आणि एखाद्या वर्षी आपण गोठ्याशी राहून घरच्या माउलीला दिंडीत धाडावे. तिच्या म्हशींची धार काढताना जो विठ्ठल आठवेल, तो चंद्रभागेच्या वाळवंटातल्याहून निराळा नसेल.

त्या म्हातारीला आम्ही दिलेले उत्तर चुकले, हे येथे कबूल करतो. पुण्याची वाटणी करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. कामाची वाटणी मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे. तेथून आरंभ करू या.

रामकृष्णहरी.